विमान वर असताना

आमच्या घरात एकच कडक नियम आहे आणि तो केवळ माझ्यासाठी केलेला आहे. विमान वर असताना बोलायचं नाही.

मी जन्मभर अंगणवाडी चालवली. पोरांच्या गलक्यावर आवाज चढवता चढवता तो चढलेलाच राहिला. आमच्या ह्यांचं भोरमध्ये शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, ते आता मुलाकडे आहे. दिवसभर मोटारी उघडून तांब्याची तार गुंडाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा मोटारीच, फक्त अंगठ्याएवढ्या. त्या मोटारी ते रिमोटवर उडणाऱ्या विमानांना बसवत. बाकीच्यांचे नवरे पत्ते खेळतात, पारावर बसून राजकारण करतात. माझ्या नशिबी हा वैमानिक आला.

त्रास म्हणाल तर रगड. फोमचा चुरा डाळीत, गोंदाचा वास उशीला. विमानाच्या पंखावर एक पातळ रंगीत कागद चढवतात, तो गरम केला की ताणून बसतो. तो गरम करायला इस्त्री लागते. इस्त्री कुणाची? माझी. माझ्या चांगल्या साडीच्या पदराला तांबडा चिकट पट्टा बसला, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना तो आठवडा फार सुखाचा गेला असावा.

पण खोटं कशाला बोलू, मला त्यांचं कौतुक होतं. अजूनही आहे. तयार झालेलं विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून ते डोळे मिटून उभे राहत. नाकाला वजन कमी वाटलं तर आत एखादा नट चिकटवायचा, पुन्हा बोटांवर घ्यायचं. माझ्या हातून मीठ इतकं नेमकं कधी पडलं नाही.

विमानांच्याही जाती असतात हे मला लग्नानंतर कळलं. वर पंख असलेलं शिकाऊ विमान गरीब गायीसारखं, हात सोडला तरी आपलं आपण सावरतं. दोन मजली पंखांचं एक होतं, ते दिसायला देखणं, पण उतरताना हमखास लोळायचं. जेटचा तर मला रागच. पोटातला पंखा असा किंचाळायचा की भोंगवलीकडच्या पडीक रानात ते उडवलं तेव्हा लांबच्या वस्तीवरची कुत्री जमा झाली. मला आवडायचं ते ग्लायडर. लांबलचक सडपातळ पंख, मोटर फक्त वर चढण्यापुरती, मग बंद. मग हे आकाशात घार शोधायचे. घार पंख न हलवता गोल फिरत असेल, तर तिथे खालून गरम हवा वर चढत असते. हे ग्लायडर तिच्याखाली नेऊन सोडायचे, आणि घार नि ग्लायडर दोघं एकाच वर्तुळात फिरत वर वर जायची. मी बघत राही आणि न राहवून म्हणे, “अवो, किती छान...”

“बोलू नगंस. विमान वर हाय.”

संपलं. माझं कौतुक माझ्याच तोंडात.

मग त्यांना काचबिंदू झाला. झाला म्हणजे तो कधीपासून गुपचूप नजर कुरतडत होता, कळलं उशिरा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जी नजर गेली ती येणार नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. समोरचं दिसे, पण कडा गेल्या होत्या. त्याच महिन्यात वेल्ह्याकडच्या डोंगरावर त्यांनी ग्लायडर सोडलं, क्षणभर नजर खाली आली आणि पुन्हा वर पाहिलं तर आकाश रिकामं. विमान तिथेच कुठेतरी होतं, पण त्यांना सापडलं नाही, आणि मी तेव्हा खाली स्कूटरपाशी होते. आम्ही कारवीच्या झाडीत पुष्कळ शोधलं. ग्लायडर गेलं ते गेलंच.

घरी येऊन त्यांनी रिमोटमधली बॅटरी काढली. उरलेली विमानं माझ्या जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर टाकली आणि म्हणाले, “कुनी मागितली तर देऊन टाक.”

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी अंगावर काटा येतो. घर स्वच्छ होतं. डाळीत चुरा नव्हता. हे खुर्चीत बसून टीव्हीकडे तोंड करून असत, टीव्ही बंद असला तरी. मी काही बोलले तर निमूटपणे ऐकून घेत. माझा नवरा माझं ऐकून घ्यायला लागला, तेव्हा मी खरी घाबरले. डोळे गेले असते तरी मी निभावलं असतं. पण हा माणूसच माझ्या देखत विझत चालला होता.

एक दिवस मी माळ्यावर चढले, ते शिकाऊ विमान खाली काढलं आणि म्हटलं, “चला. मी बघते, तुमी उडवा.”

“खुळी का काय तू?”

“व्हय, खुळीच. बसा गाडीवर.”

स्कूटर मी चालवली. वेल्ह्याच्या रस्त्याला भाताची कापणी होऊन खाचरं मोकळी झाली होती. त्यांतलं एक लांबरुंद खाचर आमच्या ओळखीच्या आक्कांचं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये नुसती भाताची खुंटं. आक्का बांधावर गवत कापत होत्या. त्यांनी विचारलं, “ड्रोन हाय का वो त्यो?” एरवी ड्रोन म्हटलं की हे चिडायचे. त्या दिवशी चिडलेही नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विमान आपल्यापासून लांब चाललेलं असतं तोवर सगळं सरळ असतं. रिमोटची दांडी उजवीकडे दाबली की ते उजवीकडे झुकतं. पण ते वळून आपल्याकडे यायला लागलं की त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. नवशिके इथेच आपटतात. ह्यांची बोटं त्यात मुरलेली होती, पण त्यासाठी विमान येतंय की जातंय आणि कुठला पंख खाली झुकलाय, हे दिसावं लागतं. दूरवर त्यांना फक्त ठिपका दिसे, तोही मी बोट दाखवलं तर.

विमान उडालं. लांब गेलं, वळलं. एक पंख खाली कलला आणि मी अंगणवाडीच्या आवाजात ओरडले, “डावीकडं! डावीकडं पडतंय!”

ह्यांनी दांडी दाबली. विमान आणखी कललं आणि नाकावर बांधाला आपटलं.

“कुनाचं डावं? माझं का विमानाचं?”

“मला काय ठावं! डावं म्हंजे डावं!”

भर खाचरात आम्ही भांडलो. आक्का विळा थांबवून बघत होत्या. मग ह्यांनी एकदम रिमोट बंद केला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे. चल घरी.” भांडण अर्ध्यावर सोडायची त्यांची सवय नाही.

आपटताना विमानातली बॅटरी उडाली होती. ती मी खुंटांत शोधत होते तेव्हा आक्का बांधावरून ओरडल्या, “तिकडं न्हाई वो! वढ्याकडं! आनखी वढ्याकडं!”

बॅटरी सापडली. ती हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. ओढ्याकडं म्हटल्यावर मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. ओढा माझा नसतो, विमानाचा नसतो. तो आपल्या जागी असतो.

घरी मोडलेलं नाक चिकटवायला हे तयार होईनात. मग मीच गोंद घेऊन बसले. मुद्दाम नव्हे, पण नाक वाकडं बसलं. हे लांबून बघत होते. शेवटी त्यांना बघवेना. “आन हिकडं,” म्हणाले, मी लावलेला गोंद खरवडून काढला आणि नाक पुन्हा सरळ बसवलं. नंतर बोटांवर तोलूनही पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि उगाच भांडी आपटली.

पुढच्या खेपेला त्यांना खाचरात उभं करून सांगितलं, “डावं-उजवं बंद. वढा हिकडं, डोंगुर तिकडं. येतंय का चाललंय ते मी सांगते, कुनाकडचा पंख खाली ते बी सांगते. फुडचं तुमचं तुमी बघा.”

ह्यांनी मान हलवली. मी विमान डोक्यावर धरून वाऱ्याच्या तोंडावर फेकलं आणि पळत त्यांच्या शेजारी आले.

“चाललंय. सरळ हाय. वढ्याकडचा खाली.”

दांडी किंचित हलली. पंख वर आला.

“वळतंय. आता येतंय, येतंय. डोंगराकडचा खाली.”

पंख वर आला. माझा विश्वासच बसेना. मी बोलत होते आणि ते आकाशात होत होतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. ह्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांनी तसा पाहिला, ओठ घट्ट, भुवया वर, सगळं लक्ष बोटांत. विमान उतरत्या उन्हात शिरलं आणि त्याचा तांबडा पंख आतून पेटल्यासारखा झाला. इस्त्रीने बसवलेला तोच कागद, ज्याच्यापायी माझी साडी गेली. किती सुंदर दिसत होता. मी बघत राहिले. जुन्या सवयीने ओठ मिटून, नियम पाळून बघत राहिले.

ह्यांनी मान न वळवता खांद्याने माझा खांदा ढकलला.

“गप का झालीस? बोल की. विमान वर हाय.”