साड्यांच्या घडीतला साबणाचा कागद

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. नवऱ्याचं कबनूरमधलं यंत्रमागाचं काम कमी झाल्यापासनं आम्ही साबण, पावडर, फिनेल सगळं मार्टच्या स्वतःच्या ब्रँडचं आणतो. स्वस्त पडतं, आणि मळ तसाच निघतो की.

सासूबाई वासासाठी चंदनाच्या साबणाचे रिकामे कागद साड्यांच्या घडीत ठेवायच्या. त्या गेल्यावरही त्यांच्या साड्यांत मी ठेवत राहिले. आता मार्टच्या साबणाचे ठेवते.

आज सासरे सासूबाईंचं कपाट उघडून बराच वेळ उभे होते. म्हणाले, "पोरी, साबण बदललास व्हय?"

"व्हय मामा. निम्म्या किमतीत येतोय."

"बरं केलंस." त्यांनी कपाट लावलं. "मला वाटलं, कपाटातनं पण गेली ती."

पावडर, फिनेल मार्टचंच राहील. चंदनाची एक वडी मात्र मी आत्ताच घेऊन आले. तुम्ही काय केलं असतं?