सही घेऊन उठवणारे मामा

झोपलेल्या माणसाला कसं उठवावं, हे आमच्या घरमालकांइतकं कळलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर आता तो कुठं भेटेल असंही वाटत नाही. आपण सगळे एकमेकांना चुकीचं उठवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आई हलवते, बाप ओरडतो, बायको भांडी आपटते. यातलं एकही उठवणं नव्हे, हा नुसता त्रास, असं ते म्हणत. त्यांना हे म्हणायचा अधिकारही होता, कारण उठवणं हीच त्यांची तीस वर्षांची नोकरी होती. कुर्डुवाडीला रेल्वेच्या शेडात ते कॉलमन होते. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांच्या क्वार्टरवर जायचं, त्यांना झोपेतून उठवायचं आणि उठल्याची सही वहीत घ्यायची, हे कॉलमनचं काम. सही झाली की कॉलमन सुटला. पुढं गाडी चुकली तर दोष सही करणाऱ्याचा. तीस वर्षांत आपल्यामुळं एकही गाडी मिनिटभर लेट झाली नाही, हे ते ओळख झाल्याझाल्या सांगत, आणि ओळख जुनी झाली तरी सांगत. रिटायर होऊन ते भूमजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा गावानं त्यांना रेल्वेमामा केलं. मीही मामाच म्हणायचो.

मी तेव्हा पंचविशीचा होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात गावोगाव दूध संस्था निघाल्या, त्यातल्याच एका संस्थेत मी सेक्रेटरी म्हणून लागलो आणि मामांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. सेक्रेटरी हा शब्द मोठा वाटतो. काम असं, की पहाटे पाचला संस्थेचं कुलूप काढायचं, लोकांनी आणलेलं दूध मापून घ्यायचं, त्याचं फॅट बघायचं आणि कॅन भरून ठेवायचे. सहाला शीतकेंद्राची गाडी येई. पाच मिनिटं थांबे आणि पुढच्या गावाला जाई. किल्ली एकट्या माझ्याकडं. म्हणजे सगळ्या गावाचं दूध माझ्या डोळे उघडण्यावर अवलंबून होतं, आणि माझे डोळे काही केल्या उघडत नसत. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा गाडी आली तेव्हा मी झोपलेला होतो. चेअरमननी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "पावणं, माणूस म्हणून तुम्ही चांगले. पर तिसऱ्या बारीला दुसरा सेक्रेटरी बघावा लागंल." मी त्याच दिवशी भूमच्या बाजारातून गजराचं घड्याळ आणलं. आवाज वाढावा म्हणून ते पितळी पातेल्यात ठेवलं. पहाटे मामींच्या कोंबड्या उठल्या, शेजारची म्हैस उठली, मी उठलो नाही.

मामांना त्या घड्याळाचा अपमान वाटला. पातेलं हातात घेऊन ते माझ्या उंबऱ्यावर बसले. "सेक्रेटरी, ह्ये वाजतंय. उठवत न्हाय. वाजणं येगळं आन उठवणं येगळं." मग त्यांनी मला रीतसर ताब्यात घेतलं. त्यांचं पहिलं तत्त्व असं, की माणूस सकाळी उठत नाही, तो आदल्या संध्याकाळी उठतो. दिवेलागणीला जेवण व्हायलाच हवं. संस्थेची किल्ली सदऱ्याच्या खिशात, सदरा खुंटीवर, चपला दाराकडं तोंड करून. मी विचारलं, चपलांच्या तोंडाचा आणि झोपेचा काय संबंध? ते म्हणाले, "सकाळच्या पारी डोस्क्याला काम ठिवायचं न्हाय. हात उठत्यात, पाय उठत्यात, डोस्कं समद्यात शेवटी. त्येला इचारत बसलं की त्ये म्हणतं, झोप." तोंडावर पाणी मारायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. ते साल पुन्हा कोरडं चाललं होतं. टँकर दोन दिवसांनी यायचा आणि माणशी घागर मोजून मिळायची. त्यामुळं पंच्याचं एक टोक भिजवून ते रात्री खिडकीत टांगून ठेवायचं आणि पहाटे तेच गार टोक डोळ्यांवर फिरवायचं, हा त्यांचा दुष्काळी शोध होता. त्याच पंच्यानं नंतर कॅनची झाकणं पुसून होत.

झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे दुसरं तत्त्व. "हात लावला की माणूस भिऊन उठतो. आन भ्यालेला माणूस इंजनावर चढाय नगं." हाक मारायची ती दारापासून दोन पावलं मागं उभं राहून, आधी खाकरून आणि पूर्ण नावानं. शिवाय प्रत्येक माणसाची एक किल्ली असते आणि ती सापडेपर्यंत कॉलमनला चैन पडता कामा नये. एक फायरमन म्हणे चहा निवतोय म्हटलं की ताडकन बसायचा. एक गार्ड फार कर्तव्यदक्ष, पण जड झोपेचा. त्याच्या खिडकीशी जाऊन मामा हळूच म्हणायचे, "साहेब, झोपा तुम्ही, गाडी दुसरा नेतोय." त्याला लगेच बूट सापडायचे. माझी किल्ली शोधायला मामांना आठ दिवस लागले. गाडी आली, दूध सांडलं, चेअरमन आले, सगळं म्हणून झालं. नवव्या दिवशी ते म्हणाले, "गयाबाई येऊन हुबी हाय," आणि मी उठून बसलो. गयाबाई रोज रांगेत पहिली असायची. तिची एकच म्हैस होती. तिला चारा छावणीतलं उसाचं वाढं घालून ती दीड-दोन लिटर दूध काढायची. तिच्या जिभेला सगळी संस्था वचकून होती.

उठलो की मामा कंदील वर धरून वही पुढं करायचे. रेल्वेची नव्हे, शाळकरी शंभर पानी वही, पण आखलेली तशीच: नाव, वेळ, कशासाठी, सही. या वहीत माझ्यासारखे इतरही असायचे. पहाटेच्या गाडीनं बाजाराला निघालेला, येडशीला रेल्वे धरायची असलेला, पाणी आपल्या पाळीला घ्यायचं असलेला, असे लोक आदल्या दिवशी येऊन सांगून जात आणि मामा फुकट उठवत. कशासाठी, हे मात्र विचारत. कारण पटलं नाही तर नाव लिहीत नसत. शाळेच्या मास्तरांनी व्यायामासाठी नाव घातलं होतं. चौथ्या दिवशी मामांनी ते खोडलं. "मास्तर, तुमी सही करून पुन्यांदा आडवं होता. माझ्या पायपिटीचं काय न्हाय. पर उठवलेला माणूस झोपला तर उठवणाऱ्याची अब्रू जाती." गावात मुक्कामी एसटी असायची. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर चावडीत झोपायचे. माझी सही झाली की मामा कंदील घेऊन तिकडं जायचे, त्यांना उठवायचे आणि गाडी गावाबाहेर पडेपर्यंत तिथंच उभे राहायचे. रेल्वेची सवय.

चार महिने मी एकदाही चुकलो नाही. चेअरमन माझी नोकरी पक्की करायचं बोलू लागले होते. आणि मग ती सकाळ आली. तिच्यासाठी कारण शोधण्यात मी पुष्कळ वर्षं घालवली आहेत. ताप होता, आदल्या दिवशी चालणं झालं होतं, असं स्वतःला सांगून पाहिलं आहे. खरं म्हणजे काहीही नव्हतं. मामांनी हाक मारली, मी उठलो, सही केली. ते एसटीकडं गेले. मी पंचा डोळ्यांवर फिरवला, खाटेवर टेकलो आणि पाठ जरा सरळ करावी म्हणून आडवा झालो.

उठलो तेव्हा कोंबड्या अंगणात फिरत होत्या आणि बाहेर गयाबाईचा आवाज येत होता. संस्थेपुढं सगळं गाव चरव्या आणि किटल्या घेऊन उभं होतं. गाडी येऊन, कुलूप बघून निघून गेली होती. एरवी असं दूध गावातल्या खव्याच्या भट्टीला गेलं असतं, पण त्या साली सरपणच नव्हतं आणि भट्टी थंड होती. ऊन वर आलं की दूध नासणार, हे सगळ्यांना दिसत होतं. चेअरमन ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "काय झालं, सेक्रेटरी?"

गर्दीच्या कडेला मामा येऊन उभे राहिले होते. एसटी वाटेला लावून ते नुकतेच परतले होते. काखेत वही होती. मला ते दिसले. दिसल्यावरही मी म्हणालो, "आज मामांनी हाकच मारली नाही."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण ते अडखळतही निघालं नाही. सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. माझी सही त्या वहीत ताजी होती. त्यांनी वही नुसती उघडली असती तरी पुरलं असतं. दुसरे साक्षीदार एसटीचे दोघं, आणि ते तोवर बार्शीच्या रस्त्याला लागले होते. मामांनी वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि चेअरमनना म्हणाले, "व्हय. आज माझा डोळा लागला. वय झालं."

"मामा, तुमचा डोळा?" गयाबाई म्हणाली. तिला ते पटत नव्हतं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "रेल्वे रुळावरनं घसरली म्हणायची," आणि लोक हसले. चेअरमनही हसले आणि मला म्हणाले, "आता म्हाताऱ्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नका. घड्याळ लावत जा." माझी नोकरी वाचली. गयाबाईनं किटलीतलं दूध तिथंच शेजारच्यांच्या लेकरांना वाटून टाकलं आणि रिकामी किटली घेऊन घरी गेली. 

संध्याकाळी मी मामांच्या सोप्यात गेलो. काय बोलायचं ते मनात घोकलं होतं. मामी चुलीशी होत्या, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी "मामा" एवढं म्हटलं असेन. त्यांनी वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "उद्या किती वाजता?" मी साडेचार म्हणालो. त्यांनी लिहिलं. मग त्यांनी वही मिटली, आणि माझं घोकलेलं तसंच राहिलं.

त्यानंतर त्या वहीत नावं कमी होत गेली. कोणी रागावलं नव्हतं. लोक म्हणत, म्हाताऱ्याला कशाला त्रास. भूमला जाणारा प्रत्येकजण घड्याळ घेऊन येऊ लागला. एसटीचा नवा कंडक्टर आपलं घड्याळ उशाशी ठेवायचा. तीस वर्षं आणि एकही गाडी लेट नाही, हे वाक्य मामांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. पुढं माझी नोकरी पक्की झाल्यावर मी चेअरमनकडं गेलो आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला काढता? मिटलंय ते." मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला त्या खोट्याहून जास्त टोचतं.

लवकर उठण्याचा त्रास मला त्या दिवसापासून राहिला नाही. साडेतीन-पावणेचारला आपोआप जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. पण मी खाटेवरच पडून राहायचो. मामांच्या फेरीत आता मी एकटा उरलो होतो. मी आपणहून उठून दार उघडलं असतं तर त्यांना पहाटे कुठं जायला जागाच राहिली नसती. अंधारात त्यांच्या काठीचा आवाज यायचा, कंदिलाचा उजेड दाराच्या फटीतून आत सरकायचा. ते दोन पावलं मागं थांबायचे, खाकरायचे आणि माझं पूर्ण नाव घ्यायचे. पहिल्या हाकेला मी ओ देत नसे. दुसरीलाही नाही, कारण इतक्या लवकर ओ दिली असती तर मी जागाच होतो हे त्यांना कळलं असतं. तिसऱ्या हाकेला मी आवाज जड करून म्हणायचो, "उठलो, मामा."

"उठला का? न्हायतर पुन्यांदा झोपाल."

"बरं झालं तुम्ही हाक मारलीत," मी म्हणायचो. "जागच आली नव्हती."

हे मी त्यांना दीड वर्ष रोज सांगितलं.