शिंपीकाकांचे दात आणि दोन जावा

थोरल्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना एकटीने उभा केला होता. धाकट्या दिराची बायकोही दातांचीच डॉक्टर निघाली, तेव्हा त्यांनी हौसेने तिच्यासाठी दुसरी खुर्ची मांडली. वर्षाच्या आत ती हौस फिटली. आत पाऊल टाकताच लोक विचारायचे, "धाकट्या डॉक्टर आहेत ना?" थोरली हसून "बसा" म्हणायची, पण आतून जळायची. सासूबाईंनी तर कवळीही धाकटीकडूनच करून घेतली, आणि वर ऐकवलं, "तिचा हात हलका आहे गं."

शिंपीकाका मात्र थोरलीचेच पेशंट. त्यांचे पुढचे दात झिजून निम्मे उरले होते, थंड पाणी प्यायलं की कळ जायची. काका दातांनी दोरा तोडतात म्हणून दात झिजतात, हे थोरलीचं जुनं निदान. ती झिजलेल्या कडा भरून द्यायची आणि रागवायची, "कात्री काय शोभेला ठेवलीय?" काका मान डोलवायचे. भरलेलं पुन्हा निघायचं.

थोरली चार दिवस माहेरी जाऊन आली, तर काका धाकटीच्या खुर्चीत.

"ताई, बरं झालं आलात. हे बघा." धाकटीने आरसा धरला. वरच्या दातांची टाळूकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती, दाढांवर खळगे पडले होते. "दोरा आतून कसा लागेल? म्हणून विचारलं, घशाशी आंबट येतं का. तर म्हणे आडवं झालं की रोज येतं."

"मला नाही कधी सांगितलंत, काका!"

"तुम्ही कात्रीपुढे जाऊच दिलं नाहीत, बाई."

धाकटीला हसू आवरेना. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीने काकांना आधी पोटाच्या डॉक्टरकडे धाडलं. आंबट आलं की लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्याने चूळ भरा, असं बजावलं. आंबट थांबल्यावर तिने पुढचे दात दाताच्याच रंगाच्या मसाल्याने बांधून उंच केले. पुढचे दात उंच झाल्यामुळे आता काही महिने दाढा एकमेकींना टेकणार नव्हत्या, हळूहळू जुळणार होत्या. काका कुरकुरले, "पुढच्याच दातांनी चघळायला लावून माझी पार म्हातारी शेळी केलीत." थोरली रोज मनात म्हणायची, एकदा तुटू दे, म्हणजे कळेल.

आणि तुटलं. त्या दिवशी धाकटी तापाने घरी होती. थोरलीने दिवा खाली ओढला. एका दाताचा टवका उडाला होता, आणि बाकीच्या नव्या कडाही सपाट झाल्या होत्या. तिने काकांना दात दाबून जबडा बाजूला सरकवायला सांगितलं. वरच्या सपाट कडा खालच्या कडांवर तंतोतंत बसल्या. गालाचे स्नायू दगडासारखे लागले. माणूस झोपेत दात खात होता! हे तिलाही इतकी वर्षं दिसलं नव्हतं, पण तिला आठवलं एवढंच, की धाकटीलाही दिसलं नाही.

"धाकट्या डॉक्टरांचं काम कच्चं निघालं का हो?" काकांनी विचारलं.

एक "हो" पुरे होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कळलं असतं. थोरलीने मसाला काढायला घेतला.

"काम पक्कं आहे. तुम्ही झोपेत दात खाता, त्याला ते काय करणार?" तिने टवका भरला आणि झोपताना दातांवर घालायच्या पट्टीसाठी माप घेतलं.

पण घरी आल्यावर राहवेना. धाकटीच्या उशाशी बसून तिने सगळं चवीने सांगितलं. धाकटी ताडकन उठून बसली. "अय्या, ताई! मी आंबटातच अडकले. बरं झालं तुम्ही होतात!" चेहऱ्यावर खट्टू होणं नावालाही नाही. जिंकल्याचा आनंदसुद्धा या बाईने पुरता मिळू दिला नाही, असं थोरलीला वाटलं.

पट्टीने काम केलं. दाढा जुळल्या, काका थंड पाणी पिऊ लागले. झिजलेले दात घेऊन कुणी आलं की धाकटी आता हाक मारते, "ताई, जरा बघता?" थोरली लगबगीने जाते, आरसा घेते, आणि आधी हिच्या नजरेतून काय सुटलंय तेच शोधते. काही सुटलेलं नसलं, की दुपारभर कुणाशी धड बोलत नाही.