दगडापर्यंतची सावली

तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमन ती घेऊन थेट माझ्या शाळेत आला. हसनाबादच्या आमच्या बौद्धवस्तीत पदवीधर मी एकटाच. हे मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो, त्या दिवशी मात्र नको झालं... भन्ते सुमेध मलेशियातल्या विहारात तापानं गेले, एवढंच तारेत होतं. भन्ते सुमेध म्हणजे माझा बालमित्र सखाराम. त्याच्या आईला, गयामावशीला, सांगायचं कामही माझ्यावरच आलं. ती तूर पाखडत होती. ऐकलं, सूप खाली ठेवलं, आणि रडू फुटायच्या आधी तिनं विचारलं, "जेवून गेला का रं त्यो?"

तिनं दुसरं काही न विचारता हेच का विचारलं, ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही. म्हणून मी लिहितो आहे.

आम्ही दोघं एकाच वर्गात होतो, वर्गात म्हणजे दाराशी. तहान लागली की कुणीतरी उंचावरून आमच्या ओंजळीत पाणी ओतायचं, तेही त्याच्या मनात आलं तर. पुढे धर्मांतर झालं, आम्ही हायस्कुलात गेलो, मग औरंगाबादच्या कॉलेजात एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर पिठलं शिजवलं. मी बी. ए. झालो. सखाराम इंटरनंतर एका वृद्ध भिक्खूंसोबत सिलोनला निघाला. मी चिडलो होतो. "घरातला पहिला शिकलेला तू, आन् भिक्षा मागणार?" तर हसून म्हणाला, "तू नोकरीसाठी शिकून राह्यला, मी नुसता शिकून राह्यलो. बघू कोण पास होतं." तिकडं त्यानं पाली, सिंहली पचवली, इंग्रजीत प्रवचनं देऊ लागला, आणि गुरूंनी त्याला मलेशियात धाडलं. तिथले चिनी व्यापारी बायकापोरांसह रांगेत उभे राहून, हात जोडून त्याच्या पात्रात वाढत. ओंजळीत पाणी घेऊन मोठा झालेला माझा मित्र... मला वाटलं, फिटलं सगळं.

दुष्काळाच्या वर्षी, पौषात, तो एका दिवसासाठी गावी आला. भिक्खूला मध्यान्हानंतर अन्न चालत नाही, हे मावशीला पाठ होतं. ती तेव्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती, घरात रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो. तिनं पिंपळगाव रेणुकाईच्या बहिणीकडून पांढरी ज्वारी मागून आणली. आदल्या दिवशी मला अंगणात उभं केलं. "तुझ्या हाताला घड्याळ हाय. बराबर बारा वाजले की सांग." शेळीच्या खुंट्याची सावली तेव्हा जिथं टेकली, तिथं तिनं एक दगड रोवला. "सावली हितं यायच्या आत माझं लेकरू जेवलं पाह्यजे."

सत्कार सकाळचा होता. पुढारी उशिरा आले. मग हार झाले, ठराव झाले, भाषणं सुरू झाली. परदेशात गेलेला आपला पहिला भिक्खू, समाजाचं भूषण... उन्हाकडं बघून मी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली, भन्तेंच्या भोजनाची वेळ होते आहे. त्यांनी ती वाचली, कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "आता शेवटचे दोन शब्द." त्या दोन शब्दांत बारा टळून गेले.

मंडपात पुढाऱ्यांची पंगत बसली, तेव्हा सखाराम आईच्या दारात आला. ती वाकली. भिक्खूनं बाईला, आई असली तरी, हात लावायचा नसतो. तो हात आवरून बसला. जर्मनच्या ताटलीत भाकरी होती, तुरीचं वरण होतं, ठेचा होता.

"दोन घास घ्या, भन्ते. कुनी बघून न्हाई राह्यलं."

"माय, तिकडं लोक मला विचारतात, तुम्ही काल-परवाचे बौद्ध, तुम्हाला नियम झेपतात का? इथं मोडला तर त्यांचंच खरं होईल."

पाणी पिऊन तो उठला. जालन्याला संध्याकाळी दुसरा सत्कार होता, तिथून परस्पर मुंबई आणि विमान. परत आला नाही. मला त्या नियमाचा राग आहे, आणि तो पाळणाऱ्या माझ्या मित्राचाही. पण परक्यांनी उपाशी ठेवलं असतं तर मी समजलो असतो. हे तर आपलेच होते, त्याचा गौरव करत होते.

गेल्या आठवड्यात शोकसभा झाली. मंडप तोच, अध्यक्ष तेच. सखारामच्या नावानं कमान उभारायचं ठरत होतं. भाषणं रंगात आली आणि गयामावशी उठून चालू लागली. कुणाचं लक्ष गेलं नाही. मी मागोमाग गेलो. तिनं सकाळीच भाकरी करून ठेवल्या होत्या, तीच ताटली घासून मांडली होती.

"बस. जेव. अजून बारा वाजायचेत."

माझ्या घड्याळात एक वाजत आला होता. मी अंगणात पाहिलं. तो दगड पौषातल्या सावलीचा. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं, सावली खुंट्याच्या बुडाशी गोळा झालेली. या दिवसांत ती दुपारची त्या दगडापर्यंत पोचतच नाही. उन्हात हयात गेलेल्या बाईला हे कळत नसेल, असं मला वाटत नाही.

मी शर्टाची बाही घड्याळावर ओढली आणि जेवायला बसलो.