एकदा नाही म्हटल्यावर

यशोधन टिपणीसच्या पायाला भिंगरी होती, पण ती घरातल्या घरात. चहा ठेवला की दाराची कडी लागली आहे का ते बघायला जायचा. कडी बघता बघता गाडीचे दिवे आठवायचे, दिवे बघून परत येईस्तोवर चहा उतू गेलेला असायचा. परदेशातल्या, पापाकुरा गावच्या त्या लाकडी घरात त्याच्या पावलांनी दिवसभर फळ्या कुरकुरत. प्रणिता, त्याची बायको, शेवटी म्हणायची, "अरे, एक तर बस, नाहीतर जा. मधलंच काहीतरी करू नकोस."

नोकरी शहरातल्या माउंट वेलिंग्टन भागात, मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरची. ती पोटासाठी. जीव अडकलेला होता भलत्याच ठिकाणी, लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका फाइलसिस्टिमच्या कमांडलाइन टूल्समध्ये. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे, तिचं नाव काय, हे सगळं सांभाळणारी व्यवस्था म्हणजे फाइलसिस्टिम. वीज गेली, मशीन मध्येच बंद पडलं, की ती व्यवस्था विस्कटते. मग काळ्या पडद्यावर एक कमांड द्यायची. ती डिस्क तपासते आणि प्रत्येक चुकीपाशी थांबून विचारते, दुरुस्त करू? उत्तर वाय किंवा एन, म्हणजे हो किंवा नाही. यशोधन तिला चेकर म्हणायचा. जगभरातली चारपाच खुळी माणसं हा चेकर फुकटात सांभाळत, आणि त्यातला सगळ्यात खुळा पापाकुराहून सकाळच्या आगगाडीने निघायचा, मांडीवर लॅपटॉप उघडून.

डिझेलची ती गाडी अशी काही हादरायची की अक्षरं नाचत. पण गाडीत एक बरं होतं. उठून कडी बघायला जाता येत नसे.

आता त्याने त्या चेकरमध्ये काय करून ठेवलं होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. लोक घाबरून एन दाबत आणि मोडक्या डिस्कवर तसंच काम रेटत. मग आठवड्याभरात सगळंच बुडायचं, आणि रडत इकडेच यायचे. यशोधनला ते बघवेना. म्हणून त्याने चेकरला नवीन वळण लावलं. एन दाबलं तरी तो गप्प बसायचा नाही. 'चूक तशीच राहिली तर माहिती जाऊ शकते. दुरुस्त करू?' असं पुन्हा विचारायचा. पुन्हा एन दाबलं की तिसऱ्यांदा विचारायचा. आणि नुसतं एंटर दाबलं तर ते वाय धरायचा.

हे कुठून आलं ते मराठी माणसाला काय सांगायचं? जिलबीचं ताट घेऊन पंगतीत फिरणारा वाढपी पानावर आडव्या धरलेल्या हाताला कधी जुमानतो का? नको म्हणजे अजून दोनदा विचारा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चेकर सांभाळणाऱ्यांतल्या एका जर्मन गृहस्थाला मात्र ते ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, "माणूस नाही म्हणाला ना? मग आपण पुन्हा का विचारतोय?" यशोधनने लिहिलं, "त्याच्याच काळजीपोटी." तिथे वाद संपला, कारण प्रत्यक्ष काम उपसायला तयार होता तो एकटा यशोधनच.

त्याच वर्षी, म्हणजे २००७च्या मार्चमध्ये, वडील आले. रावसाहेब टिपणीस, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, मुक्काम चिंचवड. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. ती गेली तेव्हा यशोधन सिंगापूरच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत काचेशी उभा होता, आणि तिकडे सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून फोन वाजला की हातातलं टाकून तो धावत सुटायचा. मग फोन विम्याचं काहीतरी विकणाऱ्या पोरीचा का असेना. हे पुन्हा सोसणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं, बाबांना आता इथेच ठेवायचं. कायमचं.

पहिल्याच आठवड्यात त्याने विषय काढला. रावसाहेब म्हणाले, "नको रे यशा. मी आपला येऊन-जाऊन राहीन."

यशोधनने ब्लडप्रेशर काढलं, जिने काढले, रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार ते काढलं. महिन्याभराने पुन्हा विचारलं. रावसाहेब म्हणाले, "बघू." ऑगस्टात, इकडचा हिवाळा सरता सरता, तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चालेल."

मग काय! गडी सुटलाच. रेसिडेन्सीची कागदपत्रं, डॉक्टरी तपासणी, चिंचवडच्या फ्लॅटला गिऱ्हाईक, सगळं त्याने गाडीत बसल्या बसल्या हलवलं. आता फक्त मुखत्यारपत्रावर रावसाहेबांची सही राहिली होती. नोटरीकडे सोमवारची वेळ घेतलेली होती. ती सही झाली की फ्लॅट गेला, आणि परतीचा विषयच मिटला.

"बाबा इथे येऊन किती निवळले!" असं तो भेटेल त्याला सांगायचा. आणि खोटं नव्हतं ते. चिंचवडचे रावसाहेब म्हणजे जळता निखारा. पाण्याचा पंप किती वाजता लावायचा यावरून शेजारच्या मधुकररावांशी त्यांचं वीस वर्षं वाजत होतं, आणि संध्याकाळी त्याच मधुकररावांशी कॅरम. त्यातही भांडण. सोसायटीच्या मीटिंगला रावसाहेब उभे राहिले की सेक्रेटरी घाम पुसायचा. इथे? हीटर लावू का, चालेल. पिठलं करू का, चालेल. सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांतून किराणा आणायला येता का, चालेल. दुपारी मोज्यांवर जँडल, म्हणजे इकडच्या रबरी चपला, चढवून स्टेशनापर्यंत जायचे, दोनचार गाड्या बघायचे, भेटेल त्याला इकडच्या रीतीने "किओरा" म्हणत नमस्कार करायचे आणि परत यायचे.

शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना गाडीत यशोधनने मेल उघडली. तारानाकी भागातल्या एका गावातून मॅरियन नावाच्या बाईने लिहिलं होतं. गावची जुनी छायाचित्रं जपणारी एक छोटी संस्था होती, तिचा संगणक ती बघायची. चेकर चालवला आणि छायाचित्रांची सगळी नावं गेली. चित्रं आहेत, पण एका फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांचा ढीग. कोणाची आजी, कुठली शाळा, काही पत्ता नाही. आणि डिस्कला काही झालंच नव्हतं. केबल सैल होती, म्हणून चेकरला नसलेल्या चुका दिसल्या होत्या. शेवटी तिने लिहिलं होतं, "मी नाही म्हणाले होते."

यशोधनचं डोकं सणकलं. नाही म्हणाली होती म्हणे! वाय किंवा एंटर दाबल्याशिवाय चेकर एका फाइलला हात लावत नाही. ते त्यानेच लिहिलं होतं, त्याला कोण शिकवतंय? पापाकुरा येईपर्यंत त्याने तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही खोडली. घरी आल्यावर कडी दोनदा बघितली.

शनिवारी सँडरिंगहॅमहून जिलबी आणली होती. मनातून ती सोमवारच्या सहीच्या आनंदाप्रीत्यर्थ होती, पण तसं कोणी बोललं नाही. रावसाहेबांचं पोट आदल्या दिवसापासून बरं नव्हतं. यशोधन ताट घेऊन उभाच राहिला.

"बाबा, घ्या."

"नको रे, पुरे."

"अहो, एक तरी."

"नको, खरंच नको."

"असं कसं? तुमच्यासाठी मुद्दाम आणलीये. एवढी एक."

रावसाहेबांनी हात बाजूला घेतला. "चालेल."

त्याची आठ वर्षांची मुलगी वल्लरी समोर बसली होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. ती म्हणाली, "बाबा, आजोबा सेड नो. लाइक, टू टाइम्स."

"तुला नाही कळायचं ते," यशोधन म्हणाला. "त्याला आग्रह म्हणतात." प्रणिता हसली, रावसाहेबही हसले, आणि मुकाट्याने जिलबी खाऊन टाकली. रात्री त्यांना दोनदा उठावं लागलं. ते कोणाला बोलले नाहीत, पण यशोधन जागाच होता, त्याला फळ्या ऐकू आल्या.

रविवारी सकाळी त्याने मॅरियनला सरळ फोनच लावला. मनात होतं की बाईला गोडीत समजावून सांगावं, चूक तुमचीच आहे. बाई भांडली नाही, तीच तर पंचाईत झाली. शांतपणे म्हणाली, "पहिल्या प्रश्नाला मी एन दाबलं. त्याने परत विचारलं. मी परत एन दाबलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला वाटलं, ज्याने हे बनवलंय त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. मग मी प्रत्येक प्रश्नाला वायच दाबत गेले."

पहिल्याच एनवर चेकर थांबला असता आणि तिने केबल घट्ट बसवली असती, तर एकही नाव गेलं नसतं. हे तिला माहीत नव्हतं. यशोधनला माहीत होतं, आणि त्याला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"ती डिस्क माझ्याकडे पाठवा," तो म्हणाला. "जमतील तेवढी नावं परत काढतो." सगळी जमणार नव्हती. तेही त्याने सांगितलं.

फोन ठेवून तो थेट संगणकाशी बसला. पुन्हा विचारणाऱ्या ओळी निघायला फार वेळ लागला नाही. लावायलाही लागला नव्हता. एन म्हणजे एन. नुसतं एंटर दाबलं तर काही करायचं नाही. प्रश्नाच्या आधी साध्या शब्दांत सांगायचं, हो म्हणालात तर काय जाईल, नाही म्हणालात तर काय राहील. हे शेवटचं लिहिताना तो अडला. हो म्हणालात तर काय जाईल. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. प्रणिताने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय हरवलंय तुझं?"

रावसाहेब दाराशी जँडल शोधत होते. आज सकाळीच स्टेशनला निघाले होते. यशोधन म्हणाला, "मीही येतो."

"चालेल," रावसाहेब म्हणाले.

स्टेशनच्या बाकावर दोघं बसले. गार वारा सुटला होता. यशोधनचा गुडघा एकसारखा हलत होता, त्याने तो हाताने दाबून धरला. विचारायचं होतं, आणि विचारायची धास्तीही वाटत होती. भीती एकच. उत्तर खरं आलं तर?

"बाबा, उद्याची सही. तुम्ही सही केलीत तर चिंचवडचं घर जाईल, आणि ते परत मिळणार नाही. नाही केलीत तर काही बिघडणार नाही. तुमचं तिकीट काढू, आणि दर वर्षी या. मी रागावणार नाही. राहायचंय तुम्हाला इथे?"

रावसाहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत असं बघितलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मला घरी जायचंय."

यशोधनच्या ओठांवर आलं, 'पण बाबा, तिकडे तुम्हाला काही झालं तर?' ब्लडप्रेशर आलं, जिने आले, सिंगापूरची ती काच आली. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. सगळे शब्द तयार होते, ओळीने. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

"इथे सगळे माझ्याशी इतके गोड वागतात," रावसाहेब म्हणाले, "की मला भांडताच येत नाही. तो मधुकर तिकडे पहाटे पाचला पंप लावत असेल, खुशाल. त्याला कोण विचारणार?" आणि त्यांचा आवाज चढला, अगदी सोसायटीच्या मीटिंगमध्ये चढायचा तसा. पलीकडच्या बाकावरच्या मुलीने वळून बघितलं.

"मग आधी का नाही सांगितलंत, बाबा?"

"सांगितलं की. आल्या आल्या सांगितलं. तू पुन्हा विचारलंस, मी बघू म्हणालो. तू पुन्हा विचारलंस." रावसाहेबांनी मोजा वर ओढला. "म्हटलं, एवढा शिकलेला मुलगा आहे, त्याला जास्त कळत असेल."

यशोधनने खिशातून फोन काढला. नोटरीचं ऑफिस रविवारी बंद होतं, म्हणून त्याने मशीनवर निरोप ठेवला, उद्याची वेळ रद्द करा. चिंचवडला अजून उजाडायचं होतं, मधुकररावांचा पंप सुरू व्हायचा होता. गिऱ्हाइकाला तो दुपारी कळवणार होता. निरोपाच्या शेवटी मशीनने विचारलं, हा निरोप पाठवायचा असेल तर एक दाबा, बदलायचा असेल तर दोन. त्याचं बोट क्षणभर दोनवर थांबलं. मग त्याने एक दाबलं, आणि बाबांच्या शेजारी बसून राहिला.