काढायला सांगितलेलं बोलणं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही असं औरंगपुऱ्यातला कुणीही सांगेल. भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत मी सगळ्यांशी भांडलोय आणि बहुतेक वेळा माझंच खरं करून घेतलंय. पण हे एवढं एक घशातून वर येत नाही. म्हणून आधी लिहून बघतो. उद्या तोंडानं सांगायचंय, आणि उद्या मला अडखळायचं नाही.

यात नावं नाहीत, हे आधीच सांगतो. बहिणीला मी अक्का म्हणतो, इथंही तेवढंच. भाचीला भाची. आमच्या पॉडकास्टचं नावसुद्धा देणार नाही, कारण दिलं तर तुम्ही शोधाल. शोधालच — लोक काय शोधतात आणि त्यांना काय सापडावं, हाच माझा धंदा आहे.

शाळा दहावीला सुटली. हातगाडीवर मोबाईलची कव्हरं विकली, मग दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. तिथं बसून एक गोष्ट लक्षात आली. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि तोच माल आतल्या दुकानात धूळ खात पडतो. नेटवर वेगळं काय असतं? सर्च केल्यावर येणारं पहिलं पान म्हणजे गल्लीचं तोंड. दुसऱ्या पानावर कुत्रं फिरकत नाही. दुकानदारांना, क्लासवाल्यांना, डॉक्टरांना त्या तोंडाशी आणून बसवायचं काम मी स्वतःचं स्वतः शिकलो. लोक टाइप कसं करतात ते बघायचं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. शहराचं नवं नाव पाटीवर आलं तरी बोटं जुनंच दाबतात, म्हणून दोन्ही नावं घालायची. कुणी शिकवलं नाही हे मला. कुणाचे उपकार नाहीत माझ्यावर.

मग एका क्लासवाल्यानं डिवचलं. भाव जास्त सांगितला म्हणून चिडला होता. म्हणाला, “भाऊ, आम्हाला वर आणायच्या गप्पा हाणता, तुमचं स्वतःचं काय दिसतं हो नेटवर? न्हाव्याचंच डोकं वाढलेलं!” दुकानातली चार माणसं हसली. मी त्याच महिन्यात पॉडकास्ट सुरू केला. विषय घासाघिशीचा. साडी कशी घ्यावी, जुनी मोटरसायकल कशी घ्यावी, मंगल कार्यालयवाल्याला भावात कसं ओढावं. ऑफिसच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या आणि बसलो बोलायला.

कुणी ऐकेना. एकानं खाली लिहिलं, “हा माणूस शिकवतोय का दम देतोय?” म्हणून अक्काला आणलं. मोठी बहीण, लग्न करून याच शहरात राहते. तिनं भोळ्या गिऱ्हाइकासारखं विचारायचं, मी उत्तर द्यायचं, असं ठरलं. पण अक्का विचारायचं सोडून स्वतः कशी फसली तेच सांगत सुटली. “मी त्याला म्हणलं, निम्म्यात दे साडी. तर तो म्हणला, घ्या ताई. आता मला सांग बापू, एवढ्या लवकर कुणी व्हय म्हणतंय का? ती साडी नेसले की मला अजून वाटतं, आणखी खाली जायला पाहिजे होतं!” लोकांनी हे एकमेकांना पाठवलं. माझं ज्ञान कुणी पाठवलं नाही.

एका वाचनालयानं आमचा सत्कार ठेवला. अक्काला शाल, नारळ. निवेदिका माझ्याकडं हात करून म्हणाली, “आणि हे त्यांचे ऑपरेटर.” झालं. कार्यक्रम माझा, खोली माझी, मेहनत माझी, आणि मी ऑपरेटर. परतताना दाजी — अक्काचा नवरा — गाडीत मागून म्हणाले, “ऑपरेटर, जरा हळू चालवा.” अक्कासुद्धा हसली. ती नेहमीसारखीच हसली, वाईट काही नव्हतं त्यात. मला माहीत होतं. तरी मी ते हसणं धरून ठेवलं.

तो राग अजून आहे. खोटं कशाला सांगू?

आता त्या भागाकडं येतो. विषय होता मंगल कार्यालयाचं बुकिंग. बोलता बोलता अक्का घसरली भाचीच्या सोयरिकीवर. एकदा ठरलेली सोयरीक मोडली होती. भाचीला लहानपणी एक आजार होता. औषधानं पूर्ण बरा झाला, तरी कुणीतरी कुजबुजलं आणि तिकडच्यांनी नाही म्हणून कळवलं. आजार कोणता ते इथं लिहिणार नाही. एकदा लिहिला, तेवढं पुरे झालं. अक्का मात्र सगळं बोलून गेली. आजाराचं नाव, पोरीचं नाव, कोण काय म्हणालं ते. आणि मग एकदम थबकली. म्हणाली, “बापू, हे काढ बरं. तिचं तिला सांगू दे. ती म्हणलीय, पुढचं स्थळ आलं की मी समोर बसून माझ्या तोंडानं सांगणार.”

मी काढलं. आवाजातून काढलं.

तुम्हाला आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. सर्चला कान नसल्यासारखेच आहेत, त्याला अक्षरं लागतात. म्हणून पॉडकास्ट वर आणायचा तर आख्खं बोलणं लिहून आपल्या वेबसाइटवर टाकायचं. सॉफ्टवेअर ऐकून लिहितं, आपण चुका दुरुस्त करतो आणि वर एक मथळा देतो. अक्का आमचा प्रत्येक भाग ऐकायची, कानात वायर घालून, भाकरी थापता थापता. पण ते लिहिलेलं पान तिनं कधी उघडलं नाही. आवाजातून गेलं म्हणजे गेलं, असं तिला वाटणार. हे मला पक्कं ठाऊक होतं.

विसरलो होतो का मी? घाईत राहून गेलं का? — किती वर्षं मी स्वतःला हेच सांगून बघितलं. नाही. आवाज कापल्यावर मी बसलो आणि त्या आजाराचं नाव सर्चमध्ये टाइप केलं, पुढं ‘लग्न’. वाक्य पुरं व्हायच्या आत खाली रांगच लागली. लग्न होईल का, सांगावं का, लपवलं तर काय होईल. कुठल्या कुठल्या आया असं अर्धं अर्धं टाइप करत असतील. आणि त्यांना मराठीत उत्तर देणारं एकही पान नव्हतं. मोकळी जागा, तीही गल्लीच्या तोंडाशी! मी तो प्रश्न जसाच्या तसा उचलून मथळा केला. खाली अक्काचं सगळं बोलणं ठेवलं, काढायला सांगितलेलंही. भाचीचं नाव तरी खोडायचं? खोडलं नाही. नाव असलं की खरं वाटतं, लोक शेवटपर्यंत वाचतात. आणि पान लावताना माझ्या मनात काय होतं सांगू? ‘बघू आता ऑपरेटर काय करू शकतो ते.’

थोड्याच दिवसांत आमचं पान सगळ्यांच्या वर आलं. त्यासोबत बाकीचे भागही वर सरकले. मी त्या क्लासवाल्याला गाठून फोन त्याच्या नाकासमोर धरला. “मानलं भाऊ,” म्हणाला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

स्थळ आलं ते लासूर स्टेशनकडचं. मुलगा भाचीशी दोनदा बोललेला, दोघांना पसंत होतं. मोठी माणसं अक्काच्या घरी यायची होती, मामा म्हणून मलाही बोलावलं होतं. पूर्वी अशा वेळी चौकशी व्हायची चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडं, लांबच्या पाहुण्याकडं. आता घरातला कुणीतरी मुलीचं नाव फोनमध्ये टाकतो. मी दिवसभर लोकांना हेच शिकवत होतो की नाव टाकलं की तुम्ही दिसलं पाहिजे. तरी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही असं म्हणू? आली होती. नजरेआड केली.

भाचीनं सगळं ठरवलं होतं. आधी चहा, मग ती बोलणार. तिनं वाक्य पाठ केलं होतं असं नंतर दाजींनी सांगितलं. पण चहा यायच्या आधीच मुलाच्या काकानं खिशातून फोन काढला आणि अक्कासमोर धरला. “बाई, जगाला सांगितलं, आम्हालाच शेवटाला ठेवलं व्हय?”

भाचीनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं. तिनं काकाकडं बघितलं नाही. आईकडं बघितलं.

अक्का माझ्याकडं वळली. “बापू, तू काढलं होतंस ना?”

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. त्या वेळी खरं सांगता आलं असतं. नुसतं ‘माझ्यामुळं झालं’ एवढं. आणि मी काय म्हणालो? “काढलंच होतं अक्का. पण ते कंपनीचं मशीन आपोआप लिहून घेतं, आपल्या हातात नसतं.” गिऱ्हाइकाला सांगावं तसं, न अडखळता. मग उठून काकावर ओरडलो. तुमची अक्कल, तुमचं खानदान, उठा, निघा, हे नि ते. माझा राग सगळ्यांना माहीत आहे, तो खराच वाटतो. खोट्यावर मी तो पांघरुणासारखा घातला. अक्का अजून सांगत असते, माझा भाऊ आमच्यासाठी उभा राहिला.

ते पान मी त्याच संध्याकाळी काढलं. पण त्याची नक्कल दुसऱ्यांनी उचललेली होती, ती अजून कुठं कुठं सापडते. लासूरवाल्यांचा निरोप आलाच नाही. भाचीनं पुण्यात नोकरी धरली. जाताना आईला एवढंच म्हणाली, “तू बोललीसच कशाला? ते माझं होतं.” आता वडिलांशी फोनवर अर्धा तास बोलते. आईशी — जेवले, बरी आहे, ठेवते.

अक्कानं पॉडकास्ट सोडला. म्हणाली, माझ्या तोंडाला कुलूपच पाहिजे. जिच्या बोलण्यावर लोक हसायचे, ती आता पाहुणे आले तरी दोन शब्द बोलून आत जाते. हे मी बघत होतो. सणाला तिच्या घरी जेवत होतो. बघून गप्प बसत होतो.

आणि तरी कदाचित आयुष्यभर गप्पच राहिलो असतो. मागच्या महिन्यात अक्का ऑफिसात आली, शेंगदाण्याची चटणी घेऊन. बसली, इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम म्हणाली, “बापू, मी तुला काढ म्हणले होते का रे खरंच? का मलाच तसं वाटायलंय? पोरगी म्हणते, तू म्हणलीच नसशील. मला आता कळंना झालंय.”

मी म्हणालो, “आठवत नाही गं अक्का.”

पान लावलं ते रागात. मशीनचं खोटं बोललो ते भीतीनं. पण हे? ना राग होता, ना कुणी समोरून फोन धरला होता. बहीण चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. पोर गेली, बोलणं गेलं, तिच्याकडं एवढंच उरलं होतं — ‘मी सांगितलं होतं काढायला.’ तेही मी तिच्या हातातून काढून घेतलं. “असंल बाबा, मीच विसरले असंन,” म्हणाली आणि उठली.

त्या दिवसापासून मी ठरवलंय.

उद्या भाची पुण्याहून येतेय, एका दिवसासाठी. दोघींना मी सांगून ठेवलंय की दुपारी घरी थांबा, काम आहे. काम काय ते सांगितलं नाही. दाजींनाही बसवणार आहे. आधी सांगणार: मशीन नव्हतं, मी होतो. मग सांगणार की अक्कानं काढ म्हटलेलं मला चांगलं आठवतं, मागच्या महिन्यातही आठवत होतं. वाचनालयाचं, ऑपरेटरचं, गाडीतल्या हसण्याचं काही बोलणार नाही. ते माझं मी बघीन. भाची उठून गेली तर जाऊ दे. अक्कानं पुन्हा घरात येऊ नको म्हटलं तर जिना उतरीन.

शब्दांवर त्यांनी विश्वास ठेवावा असं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणून त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग बरोबर नेतोय, न कापलेलं. लॅपटॉप भाचीच्या पुढ्यात ठेवून लावणार. अक्काचा आवाज त्यात स्वच्छ आहे. हे काढ बरं, तिचं तिला सांगू दे. त्याच्या मागोमाग माझा आवाज येतो, हसत — “काढलंच समज, अक्का.” तिथवर वाजू देणार आहे.