सवतीचा टाक आणि न पेटणारी चूल

गेल्या अंकात एका वाचकानं विचारलं आहे — भुताखेतांचा शास्त्रीय तपास करायचा असेल तर कोणती परीक्षा पास व्हावी लागते, आणि त्याचं सर्टिफिकेट कोण देतं? संपादकांनी उत्तर दिलेलं नाही. म्हणून मी देतो. मी बी. एस्सी. आहे, बेळगावात एका हायस्कुलात सायन्स शिकवतो, आणि अशा तपासासाठीच काढलेल्या एका मंडळाचा मेंबर होतो. भूत, करणी, बाहेरचं... मला हे ऐकूनच चीड यायची. येळ्ळूरला आमच्या घरी आई लिंबू उतरवून टाकायची, मी ते उचलून सरबत करून प्यायचो. त्यामुळे पुढचं वाचून ‘मास्तर आधीपासूनच भोळा होता’ असं कुणी म्हणू नये.

आमच्या मंडळात ग्रॅज्युएट असल्याशिवाय प्रवेश नव्हता. अध्यक्ष पेन्शनर वकील. त्यांच्या दिवाणखान्यात दर रविवारी सभा भरायची, चहा-चिवडा व्हायचा आणि खेड्यातली माणसं किती अडाणी यावर एकमत व्हायचं. एक डॉक्टर होते, त्यांच्या बॅगेत थर्मामीटर असायचा. तो का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. भुताला ताप येतो असं त्यांना वाटत असावं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, खेड्यात सगळा कारभार चुलीवर. अशात माझी मामेबहीण रुक्मा कंग्राळीला दिली होती; मामाचं घर येळ्ळूरलाच, आमच्या शेजारी. नवरा परसू बिजवर. त्याची पहिली बायको गौरा माहेरी गेली असताना पटकीच्या साथीत वारली, असा निरोप आला होता. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिची आकृती ठोकलेला पत्रा, केला आणि लग्नात रुक्माच्या गळ्यात बांधला. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला निवद दाखवायचा, मग आपण नेसायचं-जेवायचं. टाक काढायचा नाही. काढला तर मेलेली सुखानं बसू देत नाही म्हणतात. परसूच्या घरानं गौराचं बारावं दणक्यात घातलं होतं. अख्खं गाव जेवलं होतं, आणि त्याचा रुक्माच्या सासूला फार अभिमान.

रुक्मा सासरी गेली आणि तिच्या हातानं चूल पेटेना.

हे वाचायला हास्यास्पद वाटतं, मलाही ऐकताना वाटलं होतं. ‘फुंकणी उलटी धरत असेल’ असं मी म्हणालोसुद्धा. पण बाभळीची वाळकी लाकडं, कोरड्या शेणी-गोवऱ्या, तीच काडेपेटी... सासूनं लावली की चूल भडकायची, रुक्मा पुढं बसली की विझायची. तिनं शेजारणीकडून शेणीवर विस्तव आणला तरी उंबऱ्याच्या आत येईतो काळा पडायचा. शेणी फोडून बघावं तर आत ऊबसुद्धा नाही. घरातली सगळी कामं ती करायची, फक्त स्वयंपाक सोडून. आणि सुनेला चूल पेटवता येत नाही म्हटल्यावर त्या घरात तिला कोण सून म्हणणार?

“अण्णा, मला माघारी लावून देतील रं,” ती मला म्हणाली. “मी टाकलेली म्हटल्यावर माझ्या धाकट्या दोघी भनींस्नी कोन करून घेणार?”

तोवर गावानं काही ठरवलं नव्हतं. पहिलीला काही कमी पडलं असेल, तिला लुगडं-चोळी द्यावी, जिथं तिला अग्नी दिला तिथं नारळ ठेवावा, असं जाणती माणसं म्हणत होती. अडाणीपणा होता, कबूल. पण त्या अडाणीपणात रुक्मावर दोष नव्हता. दोष लावायला शिकलेली माणसं लागतात, आणि ती मीच घेऊन गेलो. मंडळानं खऱ्याखोट्याचा निकाल लावला तर पोरगी सुटेल असं मला मनापासून वाटलं होतं.

भर दुपारी आम्ही कंग्राळीला गेलो. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं चूल पेटवली. पेटली. ती विझवून, तीच लाकडं, तीच राख, रुक्माला लावायला सांगितलं. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. काडी पेटली, चिपाडाला जाळ लागला आणि बसला. फडफडला नाही, धूर झाला नाही... नळ बंद करावा तसा जाळ आत गेला. तीनदा असंच झालं. डॉक्टरांनी तिचे हात बघितले, कोरडे होते. पदर बघितला, तोही कोरडा. मग त्यांनी तिला विचारलं, “झोप लागते का? मूल का नाही अजून?”

देवळासमोरच्या कट्ट्यावर सगळं गाव जमलं होतं. अध्यक्षांनी घसा खाकरून निकाल दिला. भूत वगैरे काही नाही. या मुलीला हिस्टेरिया आहे. तिला सासरी नांदायचं नाही, म्हणून ती युक्तीनं विस्तव विझवते. युक्ती कोणती, असं मी तिथंच विचारलं. “ते कळण्याची आवश्यकता नाही,” अध्यक्ष म्हणाले. आणि टांगा जोडायला सांगितला.

सासूला हिस्टेरिया कळला नाही. ‘मुद्दाम करते’ एवढं मात्र नीट कळलं.

मला संताप आवरेना. चार दिवस शाळेत पोरांना उगीच झोडपलं. मग विचार केला, की या सगळ्या प्रकरणात मूळ गोष्ट कुणी तपासलीच नाही. जी मेली म्हणतात ती मेली कुठं, कशी, कुणी पाहिलं? पटकीच्या भीतीनं कंग्राळीचं कुणीच तिकडं गेलं नव्हतं. निरोप आला, यांनी आंघोळी केल्या, बारावं घातलं, टाक घडवला. माणूस मेलेलं बघायला कुणी नाही, पण जेवायला गाव!

गौराचं माहेर निपाणीच्या पलीकडं, संस्थानी हद्दीत. तिथं गेलो. भाऊ घरी नव्हता. भावजयीला विचारलं, “गौराला अग्नी कुठं दिला?” तिनं आधी तोंड फिरवलं, मग पाणी दिलं, मग रडायलाच लागली. “कुणाला सांगू नगा... निपानीत तंबाकूच्या वखारीत हाय ती.”

वखारीत बायका रांगेनं बसून तंबाखू निवडत होत्या. वासानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, शिंका थांबेनात. एक उंच बाई उठून बाहेर आली. मी कंग्राळीचं नाव घेतल्यावर तिनं आधी माझ्या हातात काठी आहे का ते बघितलं.

“न्यायला आलाय व्हय?”

नाही म्हणालो. सगळं सांगितलं. टाकाचं सांगितल्यावर ती हसत सुटली. ते हसणं काही ऐकण्यासारखं नव्हतं.

“चांदीचा? माझा? जिती व्हतो तवा एक वाकी न्हाय घातली अंगावर, आन् मेल्यावर चांदी!” मग दंडावरचा पदर सरकवून तिनं मला एक जुना डाग दाखवला. “ह्ये चुलीतल्या लाकडाचं. सासूनं दिल्यालं. पळून आलो तवा साथ व्हती, दादानं कळवलं मेली म्हनून. मेलो म्हनून सुटलो बघा.”

“तुम्ही जिवंत आहात हे सांगू का तिथं?”

“सांगा की. मी काय परत येत न्हाय.” जाता जाता थांबून म्हणाली, “त्या पोरीला म्हनावं, काढ तो टाक. माझं काय न्हाय तिच्यावर.”

मी थेट कंग्राळीला गेलो. रुक्मा एकटीच घरी होती. ऐकून ती भिंतीला टेकून बसली. मग तिनं दोरा डोक्यावरून काढला, टाक देव्हाऱ्यात ठेवला, आणि मी न सांगताच चुलीपुढं बसली. एक काडी ओढली. चूल पेटली! फुंकणीसुद्धा लागली नाही. ती माझ्याकडं बघून अशी हसली, की लग्नात हसली नव्हती. “अण्णा, च्या करू?” म्हणाली. आयुष्यात मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

चहा उकळत असतानाच सासू आणि परसू रानातून आले. सासूनं चूल बघितलीच नाही, रुक्माचा मोकळा गळा बघितला. मी मध्ये पडलो. गौरा जिवंत आहे, मी तिला भेटलोय, हे एका दमात सांगितलं. परसू खाली मान घालून बैलाची वेसण चाचपत राहिला. सासू मात्र हलली नाही.

“जिती? आन् गाव जेवलंय त्येचं काय? जितीचं बारावं घातलं म्हनून तोंड दाखवू व्हय गावात? आमच्यात ती मेली म्हंजे मेली.” मग रुक्माकडं बोट केलं. “आन् हिला पेटवाया येत व्हती की चूल! ती शिकल्याली मानसं खोटं बोलली न्हाईत. नाटक करत व्हती सटवी.”

ज्या जाळासाठी पोरीनं वर्षभर देव पाण्यात घातले, तोच तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. त्याच संध्याकाळी मी तिला येळ्ळूरला घेऊन आलो. पुढच्या रविवारी मंडळात गौराची हकिकत सांगितली. अध्यक्षांनी चिवड्याची बशी पुढं सरकवत म्हटलं, “आपला निष्कर्ष बरोबरच ठरला की हो, चूल तिला पेटवता येत होती. शिवाय तुम्ही नातेवाईक. तुमची साक्ष धरता येत नाही.” मी चपला घालून निघालो, तो परत गेलो नाही.

आता वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही उलगडा तर केलात. जिवंत बाईचा टाक गळ्यात घातला म्हणून चूल पेटत नव्हती. मीही तेच धरून बसलो होतो. निदान एवढं तरी हाताला लागलं म्हणून मनातल्या मनात फुशारकीही मारत होतो.

पुढच्या लग्नसराईत परसूनं तिसरी केली. रुक्माची माहेरची भांडी आणायला मला तिथं जावं लागलं. नवी सून चुलीपुढं बसली होती. गळ्यात तोच टाक, गौराचाच. मी वाकून बघितला. गौरा तेव्हाही निपाणीत तंबाखू निवडत होती. आणि त्या पोरीनं माझ्यादेखत काडी ओढली, पहिल्याच काडीला चूल धडधडून पेटली. माझ्यासाठी चहा टाकला तिनं. मी न पिताच भांडी उचलली.

तर वाचकहो, परीक्षा कुठलीही द्या. माझं सगळं शास्त्र त्या चुलीपुढं संपलं. दोन बायका, एक टाक, एक चूल, तीच लाकडं... एकीला जाळ मिळतो, एकीला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन भांडी उतरवली. रुक्मानं विचारलं, “नव्या बाईची चूल पेटत्या?” खोटं बोलायला हवं होतं, पण मी हो म्हणालो. ती पातेल्याचा काठ पुसायला लागली.

“मग अण्णा,” ती म्हणाली, “माझंच काय चुकलं व्हतं?”

तिच्या धाकट्या दोघी दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघत होत्या.